ताआलचे बालीसोंग कारागीर

आजचा रविवार ताआलमध्ये गेला. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या दक्षिणेला, बातांगास प्रांतातलं जुनं गाव. बहुतेक लोक तिथलं भव्य बॅसिलिका चर्च बघायला येतात. मी गेलो होतो बालीसोंग बनताना बघायला. दोन मुठींमध्ये पातं मिटणारी ही सुरी जगभर बटरफ्लाय नाइफ म्हणून ओळखतात. गावातल्या एका वस्तीचं नावच बालीसोंग आहे.

पात्याचं पोलाद बऱ्याचदा गाड्यांच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांचं किंवा बेअरिंगचं. ते तापवायचं, ठोकायचं, कानशीने घासायचं, पाणी द्यायचं. मुठीला पितळ आणि त्यात बसवलेलं रेड्याचं शिंग, हाड किंवा कठीण लाकूड. खरी परीक्षा पिनांची! जरा घट्ट बसल्या तर मूठ फिरत नाही, सैल राहिल्या तर पातं डुगडुगतं. कारागीरकाका दोन हात कानस मारून पुन्हा उघडून बघायचे, पुन्हा मिटायचे. मी तिथून हललोच नाही.

कारखान्यातल्या स्वस्त नकला बाजारात आहेतच. ब्रिटनमध्ये बालीसोंगच्या विक्री आणि आयातीवर बंदी. खुद्द फिलिपिन्समध्ये १९७८ च्या कायद्याने धारदार हत्यार कामाच्या गरजेशिवाय घराबाहेर बाळगता येत नाही. कायदा असावाच, पण हातातली कला गुन्ह्याच्या खात्यात जमा होते याचं फार वाईट वाटतं. नव्या मुलांना शिकताना पगार मिळाला, तरच ती या भट्टीपाशी बसतील.

मनिलात कोणी असाल तर जरूर जा. आणि कृपा करून किमतीत घासाघीस करू नका.