निळ्या पक्ष्याचा डोळा

त्या दिवशी काळ्या रंगाचा ठसा कोरायला घ्यायचा होता. इंग्लंडमधल्या आमच्या छोट्या कार्यशाळेत जुन्या घरांचे वॉलपेपर लाकडी ठशांनी, हातानं पुन्हा छापले जातात. हातात काम होतं उत्तरेकडच्या एका घराच्या दिवाणखान्याचं. करडी जमीन, तिच्यावर पानंफुलं आणि फांदीवर बसलेला लांब शेपटीचा निळा पक्षी. घराची दुरुस्ती करताना नंतरच्या कागदांच्या थरांखाली तळहाताएवढा एक तुकडा सापडला होता.

प्रश्न पक्ष्याच्या डोळ्याचा होता. डोळा, चोच आणि पिसांच्या कडा काळ्या ठशातून येतात. तुकड्यावर हे सगळं काळं निळ्या डोक्याच्या दोन मिलिमीटर डावीकडे सरकलेलं होतं, त्यामुळे पक्षी चमकून मागे बघतोय असं वाटायचं. घर सांभाळणाऱ्या मंडळींना तो अगदी तसाच हवा होता. म्हणजे काळा ठसाच तेवढा सरकवून कोरायचा, आणि मग खोलीभर प्रत्येक पक्ष्याचा डोळा तेवढाच डावीकडे! मला ते मुळीच पटत नव्हतं, पण ‘नाही’ म्हणायला हातात पुरावा नव्हता.

मी ही कला शिकले ती कापडावर, कच्छमध्ये अजरखपूरला. तिथे आधी रेखेचा, म्हणजे बाह्यरेषेचा ठसा पडतो, मग गद (पार्श्वभूमीचा ठसा) आणि दत्ता (आत रंग भरणारा ठसा). रेखेनं घर बांधून दिलेलं असतं, बाकीचे रंग त्यात राहायला येतात. या कागदावर क्रम उलटा होता. सूक्ष्मदर्शकाखाली काळा रंग निळ्याच्या वर बसलेला स्पष्ट दिसत होता, म्हणजे काळा शेवटी. तोवर पक्षी म्हणजे नुसते निळे आणि तपकिरी डाग.

एका ठशावर दुसरा नेमका बसावा म्हणून ठशाच्या कोपऱ्यांना बारीक खिळे असतात. त्यांचे ठिपके कागदाच्या कडेला उमटतात आणि पुढच्या ठशाचे खिळे त्यांचाच माग धरून टेकवायचे. रांगोळीत ठिपके चुकले की पुढची नक्षी कितीही सुबक काढली तरी बिघडते, तसंच हे. पण भिंतीवर लावताना ही कड कापून टाकतात. आमचा तुकडा पट्टीच्या मधला होता, त्याच्यावर एकही ठिपका नव्हता. डोळा ठसा कोरणाऱ्यानं सरकवला की छापणाऱ्याच्या हातानं, हे त्या तुकड्याला विचारून कळणार नव्हतं.

दुपारी घरावरून पाकीट आलं. सुताराला भिंतीतलं कपाट काढताना कोपऱ्यात दुमडलेली एक लांब चिंधी मिळाली होती. कपाटाआड जाणाऱ्या कागदाची कड कोण कशाला कापेल? ती शाबूत होती.

आधी पाठ बघितली. लहान लहान ताव एकमेकांना चिकटवून पट्टी केलेली होती आणि एका टोकाला शाईचा फिकट शिक्का होता: मुकुट आणि जॉर्ज राजांची ‘जी आर’ ही अक्षरं. इंग्लंडमध्ये 1712 पासून 1836 पर्यंत रंगीत वॉलपेपरवर कर होता आणि भरलेल्या कराची खूण म्हणून पाठीवर असे शिक्के मारत. खोटा शिक्का मारणाऱ्याला 1806 पासून चक्क देहदंडाची तरतूद होती. 1830 मध्ये चौथे जॉर्ज वारले, सलग लांब कागद वापरायची मुभाही त्याच वर्षी मिळाली. म्हणजे आमचा पक्षी त्याच्या आधीचा. एरवी या शिक्क्यानंच माझा दिवस साजरा झाला असता. पण मला कड बघायची घाई होती.

कडेला दोन ठिपके होते, एक निळा, एक काळा. काळा ठिपका निळ्याच्या उजवीकडे, मिलिमीटरभर. आणि त्याच आडव्या रेषेतल्या पक्ष्याचा डोळा? तोही उजवीकडे, तेवढाच. ठिपका आणि डोळा एकत्र सरकले होते, आणि पहिल्या तुकड्याच्या उलट दिशेला. ठसा अचूकच कोरलेला होता. सरकला होता तो हात.

आमचे ज्येष्ठ छपाईकार भिंगातून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी हाताच्या कामाची बाजू घेतली याचं मला आश्चर्य वाटलं नाही, पण त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा नेमकं होतं. हे रंग पाण्यातले. खडूची पूड, रंगद्रव्य आणि सरस. ओल्या रंगानं कागद फुगतो, वाळताना आक्रसतो, पण पूर्ववत होत नाही. त्यात जोडलेले ताव, प्रत्येक जोडावर दुहेरी जाडी. एका गुंडाळीवर एकेक ठसा वीसेक वेळा टेकवायचा आणि दोन रंगांच्या मध्ये कागद वाळत टांगायचा. इतकं करून फरक दोन मिलिमीटरच्या आत ठेवणारा तो माणूस कसलेला होता, असं ते म्हणाले. इतका वेळ आम्ही सगळे त्याच्या कामाला ‘दोष’ म्हणत होतो.

घरच्या मंडळींना दोन्ही तुकड्यांचे फोटो शेजारी ठेवून पाठवले. संध्याकाळी फोनवर बरीच ओढाताण झाली. सापडलेल्या पुराव्याशी इमान राखायचं, हा त्यांचा आग्रह मला मनापासून मान्य आहे. पण एका क्षणी सरकलेला हात लाकडात कोरून पक्का करणं म्हणजे पुराव्याशी इमान नव्हे. हातानं हललेली गोष्ट पुन्हा हातानंच हलली पाहिजे, आणि तीही आमच्या हातानं, जेवढी हलेल तेवढीच. शेवटी काळा ठसा निळ्यावर बरोबर बसेल असाच कोरायचं ठरलं.

निळ्यावरही थोडा वाद झाला. रंग प्रशियन ब्ल्यू होता. ओल्या चुन्याच्या गिलाव्याशी त्याचं जमत नाही, तो तपकिरी पडतो. पहिल्या तुकड्यावर पंखाचा काही भाग तसाच मळकट झाला होता, दुमडीतल्या पक्ष्यावर मात्र खणखणीत निळा शिल्लक होता. आम्ही दुमडीतला निळा धरला. सरसातला रंग वाळल्यावर बराच फिका होतो, त्यामुळे प्रत्येक घाण्याचा नमुना कागदावर ओढून, वाळवूनच ताडून बघावा लागला.

छापताना एकानं ताणलेल्या लोकरीच्या गादीवर ब्रशनं रंग सारखा करायचा, दुसऱ्यानं ठसा त्यात बुडवून, ठिपके हेरून, कागदावर टेकवायचा आणि तरफेनं दाबायचा. ठसा उचलताना ओला रंग कडेला किंचित उभा राहतो, बोट फिरवलं तर ती कड लागते. आमच्या गुंडाळ्यांवर बहुतेक डोळे जागच्या जागी आले, काही अर्धा-एक मिलिमीटर इकडे तिकडे. ते आम्ही बाद केले नाहीत. प्रत्येक गुंडाळीच्या पाठीवर छपाईचं वर्ष आणि रंगांचे घटक लिहिले, म्हणजे पुढे कुणी खरवडून बघितलं तर जुना कागद कोणता आणि आमचा कोणता हे त्याला कळेल.