आलेखातली आडवी रेघ

स्नेहसंमेलनं, सहली आणि बाकावर उभं राहण्याच्या शिक्षा यांवर या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील. मला लिहायचंय ते प्रयोगशाळेच्या वहीतल्या एका आलेखाबद्दल.

‘पाणी तापवलं की क्षार जास्त विरघळतो’ हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. सरांनी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं, पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि आलेख काढायला बसवलं. १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशियम नायट्रेट २० अंश सेल्सिअसला सुमारे ३२ ग्रॅम विरघळतं, ६० अंशांना ११० आणि १०० अंशांना २४५ ग्रॅमच्या आसपास. रेघ कागदाबाहेर निघाली. मिठाची रेघ मात्र ० अंशाला ३६ च्या जरा खालून निघाली आणि उकळत्या पाण्यातही जेमतेम ३९-४० वर पोचली. जवळजवळ आडवीच!

आलेख झाल्यावर सरांनी विचारलं, “नायट्रेटमध्ये थोडं मीठ मिसळलंय. वेगळं करा.” उत्तर त्या दोन रेघांतच होतं. ६० अंशांचं नायट्रेटचं संपृक्त (म्हणजे आणखी काही विरघळणार नाही इतकं भरलेलं) द्रावण २० अंशांपर्यंत थंड केलं की ७५ ग्रॅमहून जास्त स्फटिक बाहेर पडतात, आणि थोडंसं मीठ पाण्यातच राहतं. गाळा, झालं काम. शुद्ध मीठ मिळवायचं तर द्रावण थंड करून भागत नाही, पाणीच आटवावं लागतं. चंचुपात्रात उगवणाऱ्या त्या लांबट सुया बघायला शेजारच्या तुकडीतली मुलंही खिडकीशी जमली होती.

मग कारण. नायट्रेट विरघळताना पात्र हाताला गार लागतं. स्फटिकातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे करायला ऊर्जा लागते. पाण्याचे रेणू त्यांना वेढतात तेव्हा काही परत मिळते. नायट्रेटच्या हिशेबात मोलमागे (मोल म्हणजे कण मोजायचं रसायनातलं ठरावीक माप) सुमारे ३५ किलोज्यूल कमी पडतात, मिठाच्या चारही नाहीत. उष्णता मागणाऱ्याला उष्णता दिली की तो आणखी विरघळतो. यावर वर्गातल्या एकीने अडवलं: कॉस्टिक सोडा विरघळताना पाणी तापतं, तरी गरम पाण्यात तो जास्तच विरघळतो, ते कसं? सर खूश झाले. म्हणाले, “पहिल्या चिमटीकडे बघू नकोस. द्रावण भरत आलं असताना शेवटची चिमूट विरघळते, तेव्हा काय होतं ते बघ.” म्हणजे ती शेवटची चिमूट उष्णता मागतेच; हे मला नीट उमगायला कॉलेज उजाडलं.

सोडियम सल्फेटची रेघ तर ३२ अंशांच्या जरा पुढे चक्क मोडते आणि हळूहळू उतरू लागते, कारण तिथे स्फटिकातलं पाणी सुटतं.

माझं आत्ताचं काम बॉयलरच्या पाण्याचं. कॅल्शियम सल्फेट खूप तापलेल्या पाण्यात कमी विरघळतं, म्हणून त्याचा कडक थर नेमका सगळ्यात गरम नळीवर बसतो. नवीन आलेल्या मुलांना हे पटत नाही. मी त्यांना आधी आलेख काढायला लावतो.