गिअरबॉक्स बदलायला सांगितलेली गाडी

खानापूरकडच्या एका मामांची सात सीटची डिझेल ऑटोमॅटिक गाडी, गोव्याच्या भाड्याला जाणारी. परतताना गोव्यातलं साखळी गाव सोडून चोर्ल्याचा घाट चढायला लागलं की इंजिन ओरडायचं, पण गाडी ओढायची नाही. "मेस्त्री, दोन ठिकाणी दाखवलो. गिअरबॉक्सच बदला म्हणालेत." खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी गाडी विकायला काढली होती. त्या दोघांपैकी एकानंही गिअरबॉक्सखालचा पॅन, म्हणजे तेलाचा पत्र्याचा ट्रे, उतरवून बघितला नव्हता, याचा मला आजही राग येतो.

आदल्या वर्षी गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर मात्र कुठंतरी बदललेलं होतं. गाडी लिफ्टवर घेतली, तर पॅनच्या कडेनं तेल ओघळलेलं. बोल्ट एअर गननं आवळल्यामुळं पत्र्याची कड दबली होती. चाकाचा नट शंभर न्यूटन मीटरच्या आसपास आवळतात. पॅनच्या या बारक्या बोल्टना सात-आठ पुरतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम केलेला कुठलाही कामगार हे हातानंच ओळखेल, पण गॅरेजात गन हातात आली की सगळे बोल्ट सारखेच वाटतात.

तेल मापाच्या कॅनमध्ये काढलं. यायला हवं त्यापेक्षा बरंच कमी, काळपट, जळका वास. मग झिजलेलं लोखंड पकडायला पॅनमध्ये असतात ते मॅग्नेट बघितले. त्यांच्यावर काजळासारखी मऊ पूड होती. पूड चालते, गिअरबॉक्सच्या आतले क्लच आणि गिअर झिजताना ती येतेच. चकाकणारी कणी किंवा तुकडे असते, तर मीही गिअरबॉक्स खोलायलाच सांगितलं असतं.

खरी गोष्ट फिल्टर ओढल्यावर दिसली. फिल्टरच्या नळीला एक रबरी रिंग असते. आधीच्या माणसानं जुना फिल्टर काढला, पण त्याची रिंग वर भोकातच राहिली. त्याच रिंगेवर नव्या रिंगेसकट नवा फिल्टर दाबला. नवी रिंग चिरडून फाटली. पंप तेलाबरोबर हवाही ओढणार, तेलाला फेस येणार, दाब पडणार आणि जोर लागेल तिथं क्लच घसरणार. शिवाय गळून तेल कमी झालेलं. चढावर ते मागं सरकलं की फिल्टरचं तोंड उघडं पडायची भीती.

जुनी रिंग प्लॅस्टिकच्या हुकानं काढली, भोकाला ओरखडा पडू नये म्हणून. पॅन पुसायला पोरानं कॉटन वेस्ट उचललं, ते ठेवायला लावलं. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागात, गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो. पॅनची कड ठोकून सरळ केली, नवं गास्केट, नवा फिल्टर, कंपनीच्या नंबरचंच तेल. मामा म्हणाले, "लाल तेल सगळं सारखंच की!" ते सारखं नसतं, चुकीच्या तेलात क्लचची पकड बदलते.

या गाडीला डिपस्टिक नाही. गाडी सपाट ठेवून, इंजिन चालू, सगळे गिअर फिरवून, स्कॅनरवर तेल चाळीस अंशांच्या आसपास आलं की खालचा लेव्हलचा बोल्ट उघडायचा. धार बारीक होऊन थेंबावर आली की लेव्हल बरोबर. इथं घाई करणाऱ्यानं ऑटोमॅटिकला हात लावू नये.

पुढच्या भाड्याला मामांनी कणकुंबीहून फोन केला, "घाट चढली की हो!" मला आनंद झाला, पण घसरण रिंगेनं होती की कमी तेलानं, हे मनातून जात नाही. दोन्ही एकदमच दुरुस्त केल्यामुळं ते वेगळं काढता येत नाही. आणि जळक्या वासाचा अर्थ क्लच थोडे भाजलेत, हे तर आहेच.

हे मी मामांना स्पष्ट सांगितलंय. पॅनमधून निम्मंही तेल निघत नाही, उरलेलं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलानं जोडणाऱ्या भागात, राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा बदलायला बोलावलंय. तेव्हा मॅग्नेटवर कणी दिसली, तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. नुसती पूड असली, तर गाडी विकायची गरज नाही.