येशू देव की देवाचा मुलगा? तुम्ही विचारलंत म्हणून

डबा खाताना कुणीतरी विचारतंच. "अरे, तुमचा येशू देव आहे की देवाचा मुलगा, एक काय ते सांग ना. आणि पवित्र आत्मा धरला तर तीन देव झाले की!" मग दुसरा कुणीतरी माझ्या मदतीला धावतो, "अरे, आपल्या दत्तासारखं." चांगल्या मनाने म्हणतो, पण ते तसं नाहीये. दत्तात तिघे एकत्र येतात. आमच्याकडे आधी तीन वेगळे होते आणि मग एक झाले असं कधी नव्हतंच.

पूर्वी मी संडे स्कूलमध्ये शिकलेलं पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण ठोकून द्यायचो. एका पाळकांनी हसत सांगितलं की बाबा रे, हेच तर चर्चने तिसऱ्या शतकात नाकारलं, एकच देव तीन सोंगं घेतो असं सबेलियस नावाचा माणूस शिकवायचा ते हेच. बाप्तिस्म्याच्या वेळी येशू यार्देन नदीत उभा, वरून आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि आकाशातून पित्याची वाणी येतेय, तिघंही एकाच वेळी. (फिजिक्सवाला मित्र लगेच ट्रिपल पॉइंट काढतो, म्हणजे पाणी, बर्फ आणि वाफ तिन्ही एकाच वेळी असतात ती अवस्था, त्याच्याशी वाद घालायचा नसतो.) तेव्हापासून उदाहरणं बंद.

आता मी थोमापासून सुरू करतो. येशूचे पहिले शिष्य सगळे यहुदी, "प्रभू आपला देव, प्रभू एकच आहे" हे लहानपणापासून रोज म्हणणारे, माणसाला देव म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. त्यातलाच एक हा थोमा, तोही संशयी, क्रूसावर मरून पुन्हा उठलेल्या येशूच्या जखमा बघून म्हणतो, "माझा प्रभू, माझा देव!" आणि येशू त्याला थांबवत नाही. लुस्त्र गावात लोक पौल आणि बर्णबा या येशूच्या प्रचारकांना देव समजून बैल कापायला निघाले तेव्हा त्या दोघांनी कपडे फाडून आरडाओरडा केला होता, आम्ही तुमच्यासारखीच माणसं म्हणून. माझ्यासाठी सगळा मुद्दा या फरकात आहे. देव एकच हे सोडायचं नाही आणि थोमाचं वाक्यही सोडायचं नाही, ही त्या लोकांची अडचण होती, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्द फार नंतर आला, बायबलमध्ये तो नाहीच.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या अरियस नावाच्या पाळकाने ही अडचण सोपी केली. पुत्र म्हटला की बापानंतरचा, म्हणजे तो नव्हता असंही कधीतरी होतं. लॉजिक बिनतोड वाटतं, आणि "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे येशूचंच वाक्य त्याच्या हातात होतं. 325 साली निकिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशप जमले आणि ठरलं की पुत्र घडवलेला नाही, जन्मलेला आहे, पित्याच्याच तत्त्वाचा. गवंडी घर बांधतो ते घर गवंडी नसतं, पण त्याचा मुलगा माणूसच असतो. (घराचा आणि मुलाचा हा फरक अथनेशियसचा, म्हणजे अरियसला विरोध करणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशपचा. उदाहरणं बंद म्हणालो होतो ना, असो.) त्याने भांडण मिटलं म्हणता? छे! अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि पवित्र आत्म्याबद्दल नीट मांडायला 381 उजाडलं.

आणि हो, असं विचारलं म्हणून मला राग येतो असं समजू नका. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टरांशी आणि शिक्षिकांशी पत्रांतून नेमकी याच विषयावर हुज्जत घातली, त्रैक्य मला पटवून द्या, चर्च सांगतं म्हणून मानणार नाही. त्या लोकांना किती त्रास झाला असेल! मला मात्र या बाईचं फार कौतुक वाटतं. पुढे त्यांचा विश्वास पक्का झाला तो कुणाच्या धाकाने नाही, आणि केडगावला बसून त्यांनी अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं, म्हणजे थोमाचं ते वाक्यसुद्धा त्यांच्याच हातून गेलं असणार.