एकशे आठ पायऱ्यांचा संदर्भ

विकिपीडियावर गस्त घालताना, म्हणजे इतरांनी केलेले बदल तपासताना, नजर आधी लाल आकड्यांवर जाते. 'अलीकडील बदल' या पानावर प्रत्येक संपादनापुढे किती बाइट वाढले किंवा घटले ते दिसतं. वाढले तर हिरवा आकडा, घटले तर लाल, आणि बदल पाचशेच्या वर गेला की आकडा ठळक होतो. हे माप रोमन लिपीच्या हिशेबाने ठरलेलं आहे. रोमन अक्षर एका बाइटचं. देवनागरीत प्रत्येक अक्षर तर तीन बाइटचं असतंच, शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचे तीन-तीन वेगळे. त्यामुळे मराठीत एखादं मध्यम लांबीचं वाक्य संदर्भासकट काढलं तरी समोर ठळक लाल आकडा उभा राहतो. नवं खातं, बदलाचा आढावा (बदल का केला ते सांगणारी ओळ) रिकामा, संदर्भासकट मजकूर गायब, अशा तीन खुणा एकत्र दिसल्या की गस्तीवरचा माणूस फार विचार न करता 'उलटवा'वर टिचकी मारतो. आमच्या कार्यशाळेत एका विद्यार्थिनीच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि बऱ्याच वर्षांपासून मराठी विकिपीडियावर लिहिते. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात आम्ही संगणक कक्षात विकिपीडियाची कार्यशाळा घेतो. बाहेरच्यांना न सुचणारी पहिली अडचण खाती उघडण्याची. एका अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) एका दिवसात सहाच खाती उघडता येतात आणि महाविद्यालयाची सगळी यंत्रं एकाच अंकपत्त्यामागे असतात. सातव्या मुलाला नकार आला की पुढचा अर्धा तास फुकट. म्हणून कार्यशाळेच्या बरंच आधी त्या दिवसापुरती ही मर्यादा उठवण्याची विनंती करून ठेवावी लागते. ती विसरून मुलांसमोर उभे राहणारे आयोजक मी पाहिलेत. मग 'विकिपीडिया बंद पडलंय' असं सांगून मुलांना घरी पाठवतात.

दुसरी अडचण जुन्या फाँटची. प्राध्यापक मंडळी हौसेने आधी टंकलेलं साहित्य पेन ड्राइव्हवर आणतात. ते कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतं, आणि संपादनाच्या खिडकीत चिकटवलं की रोमन अक्षरांची खिचडी उमटते. तिसरी अडचण महाविद्यालयाची स्वतःची. दरवर्षी कोणीतरी सुचवतं की मुलांनी आपल्या संस्थेवर आणि संस्थापकांवर लेख लिहावा. मी ठामपणे नाही म्हणते. ज्या संस्थेचा पगार खायचा किंवा जिथे शिकायचं, तिच्यावर निःपक्ष लिहिता येत नाही; नियम हेच सांगतो आणि नियम बरोबर आहे.

मुलांना मी नियमांची पाटी वाचून दाखवत नाही. थेट नवा लेख सुरू करायचा नाही, आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात बसवायचा. मग आपल्या गावाचा किंवा तालुक्याचा लेख उघडायचा, त्यातलं एक वाक्य तपासायचं, संदर्भ द्यायचा किंवा दुरुस्त करायचं. इंग्रजी विकिपीडियावर तर खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झाल्याशिवाय थेट लेख तयारच करता येत नाही. मराठीत तशी सक्ती कोणी करत नसलं तरी मी माझ्या वर्गात शिस्त तीच ठेवते. वर्तमानपत्रातून किंवा संकेतस्थळावरून उचलून चिकटवायचं नाही, हे मात्र वारंवार सांगावं लागतं. बारा-पंधरा वर्षं प्रकल्प लिहिण्याच्या नावाखाली आपण मुलांना उतरवून काढायलाच शिकवतो, मग एका दुपारी ती सवय कुठून सुटणार?

सुरुवातीला सांगितलेली ती विद्यार्थिनी इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला. तिने आजोळच्या गावाचा लेख उघडला. त्यात गावाबाहेरच्या बारवेबद्दल (पायऱ्यांच्या विहिरीबद्दल) एक वाक्य होतं: बारव हेमाडपंती असून तिला १०८ पायऱ्या आहेत. पुढे एका दैनिकाच्या पुरवणीतल्या लेखाचा संदर्भ. तिने वाक्य काढून टाकलं. मी दुसऱ्या टोकाला एका मुलाचा संदर्भ साच्यात (तयार नमुन्यात) बसवून देत होते. वळून आले तोवर वाक्य परत आलेलं होतं आणि तिच्या चर्चा पानावर लाल हाताचं चित्र असलेला इशारा चिकटलेला होता: संदर्भ असलेला मजकूर काढू नये, पुन्हा असं केल्यास संपादनास प्रतिबंध केला जाऊ शकतो. पहिल्या संपादनाला मिळालेलं हे स्वागत. मराठी विकिपीडियावर गस्तीला माणसं कमी आहेत, प्रचालक (विशेष अधिकार असलेले सदस्य) बोटांवर मोजण्याइतके, आणि तयार साचे वेळ वाचवतात, हे मला मान्य आहे. पण नव्या माणसाशी बोलायचं पहिलं वाक्य साच्यातून काढणं मला कधीच पटलेलं नाही.

ती घाबरली नव्हती, चिडली होती. "मॅडम, एकशे आठ नाहीतच. एकेचाळीस आहेत. मामाने आणि आम्ही सगळ्यांनी मोजल्यात."

मी विचारलं, "पाण्याखालच्या आणि गाळाखालच्या धरून?"

"दुष्काळाच्या वर्षी गावाने गाळ काढला होता. तळ दिसत होता, तेव्हा मोजल्यात."

असा प्रश्न विचारल्यावर इतकं नेमकं उत्तर देणारे विद्यार्थी फार थोडे. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पानाचा इतिहास उघडला.

इतिहासाचं पान हे मला विकिपीडियाचं सर्वांत मोठं वैभव वाटतं. छापील कोशात कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर घातली हे वाचकाला कळत नाही. इथे प्रत्येक अक्षराची जन्मवेळ नोंदलेली असते. शोधण्याची रीत साधी: सर्वांत जुनी आवृत्ती आणि आजची यांच्या मधोमध असलेली आवृत्ती उघडायची, वाक्य त्यात आहे का पाहायचं, असलं तर मागच्या अर्ध्यात शोधायचं, नसलं तर पुढच्या. अंतर दर वेळी निम्मं होतं, त्यामुळे शेकडो आवृत्त्यांतूनही वाक्य आठ-दहा टिचक्यांत सापडतं. १०८ हा आकडा २०१२ साली एका अनामिक अंकपत्त्यावरून आला होता. संदर्भ नव्हता. वाक्यात 'दक्षीण' असं चुकीचं शुद्धलेखन होतं आणि 'बारवेच्या दक्षीण बाजूस' यापुढे एक शब्द सुटलेला होता, त्यामुळे वाक्य अर्धवट लटकत होतं.

मग दैनिकाचा लेख उघडला. दुवा मेला होता, जुन्या वेबपानांच्या प्रती जतन करणाऱ्या वेबॅक मशीनवर प्रत मिळाली. तारीख २०१६ची. मजकूर तोच. 'दक्षीण'ही तसाच आणि सुटलेला शब्दही तसाच सुटलेला. दोन माणसांना स्वतंत्रपणे एकच शब्द गाळायचं सुचत नाही. २०१९ साली विकिपीडियावरच कोणीतरी त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावली होती आणि काही महिन्यांनी दुसऱ्या सदस्याने प्रामाणिकपणे शोध घेऊन दैनिकाचा हा लेख जोडला होता. त्याच वेळी 'दक्षीण'चा अर्धवट तुकडाही काढला, त्यामुळे आजच्या वाक्यात काहीच खटकत नव्हतं. विकिपीडियावरून वर्तमानपत्रात आणि वर्तमानपत्रातून परत विकिपीडियावर, अशी फेरी पूर्ण झाली होती.

हे जगभर घडतं. २००८ साली अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या इंग्रजी लेखात 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' असं स्वतःच रचलेलं टोपणनाव घातलं. ते ब्रिटिश वृत्तपत्रांत गेलं, पुस्तकात गेलं, आणि हा बनाव २०१४ साली उघड झाला. तिथे शोध घेणारे हजारो आहेत. मराठीत गावाच्या लेखातलं वाक्य तपासायला गावातलंच कोणी यावं लागतं, आणि ते आलं की आपण त्याला लाल हात दाखवतो.

मी चर्चा पानावर तिन्ही आवृत्त्यांचे दुवे, जतन प्रतीचा दुवा आणि दोन्ही वाक्यं एकाखाली एक मांडली. वाक्य परत आणणाऱ्या सदस्यांनी त्याच संध्याकाळी ते स्वतःहून काढलं आणि मुलीच्या पानावरचा इशाराही काढला. ते चांगले, कष्टाळू संपादक आहेत. 'बदलाच्या आढाव्यात एक ओळ लिहिली असती तर मी थांबलो असतो,' असं त्यांनी लिहिलं. त्यांचंही खरं आहे. म्हणून आता मी धूळपाटीच्याही आधी बदलाचा आढावा लिहायला शिकवते.

प्रकरण इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात आली. "मॅडम, मग आता मी एकेचाळीस लिहू ना?"

लिहिता येत नाही. विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही. आधी ते दुसरीकडे, तपासणारा संपादक असलेल्या ठिकाणी प्रसिद्ध व्हावं लागतं. मी तिला कारण सांगितलं. आज तू तळापर्यंत मोजून एकेचाळीस म्हणतेस, उद्या कोणी पावसाळ्यात जाऊन सव्वीस म्हणेल, आणि तोही स्वतः मोजूनच बोलत असेल. दूरवर बसलेल्या संपादकाने कोणाचं धरायचं? हा नियम नसता तर प्रत्येक गावाच्या लेखात प्रत्येक घराण्याने आपला इतिहास लिहिला असता. तो हटवताना होणारी भांडणं मी पाहिली आहेत.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ज्याने मोजलंच नाही त्याचं इतकी वर्षं चाललं, आणि मोजलं त्याचं चालत नाही."

मी तिला घेऊन कपाटाकडे गेले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नगर जिल्ह्याचा सतरावा खंड, १८८४ सालचा. हेन्री कझिन्स यांनी १८९७ साली सुधारून काढलेली इलाख्यातल्या पुरातन अवशेषांची यादी. दोन्हींत तिच्या बारवेच्या पायऱ्यांबद्दल अक्षर नाही. साताऱ्याजवळ लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर शिलालेख आहे, म्हणून तिचं बांधकाम १७१९ ते १७२४ या काळातलं असं लिहिता येतं. या बारवेवर शिलालेख नाही, राजाची कथा नाही, त्यामुळे तिच्याकडे कोणी अभ्यासक वळलेला नाही. 'हेमाडपंती' हेही आम्हाला काढावं लागलं. हेमाद्री पंडित तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी होता, पण चुना न वापरता काळ्या दगडात बांधलेलं जे जे दिसेल त्याला त्याचं नाव द्यायची आपल्याकडे रीतच पडली आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी ही रीत सर्वांत जास्त पसरवली.

नियमात बसणारा एक मार्ग होता. स्वतः काढलेलं छायाचित्र चालतं. ती पुढच्या रविवारी आजोळी गेली आणि बारवेची छायाचित्रं कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला चित्रं पुरवणाऱ्या मुक्त भांडारात, चढवली, मुक्त परवान्याखाली, तारीख आणि ठिकाणासह. एक वरून, एक पायऱ्यांवरून खाली पाहणारं, एक देवकोष्ठाचं (भिंतीतल्या देवळीचं). फार चांगली आहेत. त्यावरून चर्चा पानावर नवा मुद्दा निघाला: साध्या आकडेमोडीला नियमात मुभा आहे, मग छायाचित्रात दिसणाऱ्या पायऱ्या मोजणं ही आकडेमोड की संशोधन? एका सदस्याचं मत आकडेमोड, दुसऱ्याचं संशोधन. माझं मत मी लिहिलंय: पाण्याच्या वरच्या तेवढ्याच दिसतात, त्यामुळे त्यावरून एकूण संख्या देता येणार नाही. ते लिहिताना मला बरं वाटलं नाही, पण दुसरं लिहिणं खोटं ठरलं असतं.

आमच्या इतिहास विभागाचं एक नियतकालिक आहे. विभागप्रमुखांशी बोलून मी तालुक्यातल्या बारवांच्या नोंदीचा विषय काढला. मोजमापं, गाळाची पातळी, मोजल्याची तारीख, आराखडा, सगळं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. तिने पाच बारवांची यादी करून दिली आहे. लेख छापून आला तरी तिने स्वतः तो विकिपीडियावर संदर्भ म्हणून जोडू नये, आधी चर्चा पानावर सुचवावं, हेही मी तिला सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "सुचवल्यावर कोण जोडणार, मॅडम? तिकडे येतं कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, आज तिथे लाखाच्या आसपास लेख आहेत, आणि गावांच्या बहुतेक लेखांची चर्चा पानं कोरी आहेत. गावाच्या लेखात सध्या बारवेचं एकच वाक्य आहे, गावाबाहेर पायऱ्यांची दगडी बारव आहे एवढंच, आणि शेजारी तिचं छायाचित्र. नियतकालिकाचा अंक जूनमध्ये काढायचं ठरलं आहे. त्याआधी, पाणी सर्वांत खाली असेल तेव्हा म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, प्राध्यापकांसह मोजणीला जायचं आहे. मीही जाणार आहे.