काडी कुठली?

माझ्या लॅपटॉपवर ‘काड्या’ नावाचं एक फोल्डर आहे. बघणाऱ्याला वाटतं, ही बाई लोकांच्या कामात काड्या घालते आणि वर त्याची नोंदही ठेवते. आत असतात कोडचे तुकडे, चार-आठ ओळींचे. लोकांच्या वेबसाइट बांधायच्या आणि त्यांचे सर्व्हर सांभाळायचे म्हटलं की तीच ती कामं पुन्हा पुन्हा दारात येतात. रात्रीचा बॅकअप, जुन्या लॉग फायलींची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची झाडलोट, ९० दिवसांनी संपणारं साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट वेळेत बदलून घेणं. दर वेळी कोण नव्याने लिहीत बसणार?

फोल्डरचं हे नाव मामांमुळे पडलं. त्यांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. हल्ली आधी डॉगरिज नावाच्या जातीचा खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग लावतात. त्याची मुळं दणकट, पाणी कमी पडलं किंवा खारं लागलं तरी तग धरतात. मग पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या जातीची काडी कलम करायची. त्या दिवसांत बागेत कुणीही काड्यांची जुडी घेऊन आलं, की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘काडी कुठली?’ म्हणजे कुणाच्या बागेतली, गेल्या साली माल कसा होता, रोग येऊन गेलाय का. उत्तर अडखळलं की जुडी बांधावरच राहते.

माझंही तेच. खाली सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा खुंट सगळीकडे जवळपास सारखा, वर दुसऱ्याच्या बागेतून आणलेली काडी. बाय द वे, आमच्या जिल्ह्यात थॉमसन म्हणजे द्राक्ष, थॉमसन सीडलेस. आणि ज्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वळणावर लिनक्स घडलं, ते १९६९ साली लिहायला घेणाऱ्याचं नाव केन थॉमसन. मामांना मोठ्या उत्साहाने हे सांगितलं, तर म्हणाले, ‘त्याची किती एकर?’

सुरुवातीला मी नुसता कोड साठवायचे. मग एका बेदाणेवाल्यांची साइट हाती आली. बॅकअप रात्री २ ला लावला. ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पहिल्यात शून्य, दुसऱ्यात दोन, पुढे तीन फुल्या. झालं काम. आठवड्याने त्यांचा फोन: ‘ताई, साइट रोज सकाळी लंगडते, नंतर ठणठणीत.’ चार दिवस मी होस्टिंगवाल्यांना शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्याचे रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे ७.३०! नाशिक दुधाची पिशवी फोडत असताना माझा बॅकअप सर्व्हरचा गळा आवळत होता. त्या काडीवर मी पहिली कॉमेंट लिहिली, म्हणजे मशीन सोडून देतं आणि माणसाने वाचायची असते अशी टीप.

दुसरीही त्याच काडीवर. बॅकअपच्या नावात तारीख यावी म्हणून टक्क्याचं चिन्ह वापरलं होतं. हाताने चालवलं की मुकाट चालायचं, क्रॉनमधून मेलेलं. क्रॉनच्या यादीत टक्क्याचा अर्थ ‘इथे ओळ संपली’. त्याच्याआधी उलटा स्लॅश द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो टक्का राहतो. हे कळायला एक अख्खा रविवार गेला, ठरलेल्या मिसळीसकट.

पण सगळ्यात लांब कॉमेंट आहे आरसिंकच्या, म्हणजे फोल्डरची प्रत दुसरीकडे नेणाऱ्या प्रोग्रामच्या काडीवर. कुठल्या फोल्डरची प्रत काढायची, त्याच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो. नाही दिला तर फोल्डर आपल्या नावासकट जातं. एवढाच फरक. एकदा बॅकअपच्या डिस्कवर तीन गिऱ्हाइकांची फोल्डरं शेजारी शेजारी होती. मी पहिल्याचं पाठवताना सवयीने स्लॅश दिला, आणि सोबत ‘मूळ जागी नसेल ते इथूनही काढ’ हा पर्याय. त्याने इमानदारीने उरलेल्या दोघांचे बॅकअप काढून टाकले. नशीब, दोघांच्या साइट जिवंत होत्या. आता त्या काडीवर पहिली ओळ आहे: आधी ड्राय रन (काहीही न बदलता नुसती रंगीत तालीम), मग चहा, मग खरं.

काही काड्या निव्वळ मायेपोटी ठेवल्यात. एखादा चौकोन पानाच्या बरोबर मधोमध आणायला पूर्वी काय काय कसरती लागायच्या! फ्लेक्सबॉक्स ही पानाच्या मांडणीची नवी पद्धत आल्यापासून ते तीन ओळींत होतं. तरी त्या कसरती पुसवत नाहीत.

परवा धाकट्या मावसभावाने बॅकअपची काडी मागितली. पाठवली. तासाभराने त्याचा मेसेज: ‘ताई, मस्त चालतंय. वरच्या अकरा ओळी नुसत्या कॉमेंट होत्या, त्या काढून टाकल्या.’

साइट त्याची स्वतःचीच होती, म्हणून मी अंगठा दाखवून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवलं आणि फोन ओट्यावर, हाताशी ठेवला. वाजला सात चौतीसला.