दुरुस्ती तीच, पाकीट वेगळं

लिनक्स कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) एका नेटवर्क ड्रायव्हरसाठी आमच्या टीममधल्या मुलीने पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मेलने पाठवला होता. बग खरा होता: प्रोब (ड्रायव्हरने उपकरण सुरू करण्याची पायरी) अर्ध्यात फसला की सुरू केलेलं क्लॉक (उपकरणाला ताल देणारा सिग्नल) बंदच होत नसे. दुरुस्ती दोन ओळींची. तीन आठवडे उत्तर नाही. 'आपल्याला कोण विचारतो' म्हणत ती तो सोडूनच देणार होती.

मी तिचा मेल कच्च्या स्वरूपात उघडला. कंपनीच्या सर्व्हरने खाली 'हा मजकूर गोपनीय आहे' अशी सूचना चिकटवली होती. जाहीर कोडवर अशी सूचना असली की बरेच मेंटेनर (कोडच्या त्या भागाची जबाबदारी असलेले) तो पॅच घेतच नाहीत. वर टॅबच्या जागा स्पेस झालेल्या, म्हणजे मेलमधला पॅच कोडवर लावणाऱ्या 'गिट एएम' या आज्ञेने तो लागलाच नसता. पॅच आधी स्वतःला पाठवून, सेव्ह करून, कोऱ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) लावून पाहणं म्हणूनच मी कुणाला टाळू देत नाही.

विषयात नुसतं 'पॅच' होतं. नेटवर्किंगमध्ये कोडच्या दोन शाखा आहेत; पॅच 'नेट'साठी की 'नेट-नेक्स्ट'साठी हे लिहावंच लागतं. नवं काम 'नेट-नेक्स्ट'मध्ये जातं आणि ते मर्ज विंडोचे (नवं काम मुख्य कर्नलमध्ये घेण्याचा काळ) दोन आठवडे बंद असतं. जुन्या बगची दुरुस्ती 'नेट'मध्ये जाते.

कोणत्या जुन्या बदलातली चूक दुरुस्त होते ते सांगणारा 'फिक्सेस' टॅगही नव्हता. कोणती ओळ कुठल्या बदलात आली ते दाखवणाऱ्या 'गिट ब्लेम'ने दोष आणणारा कमिट (नोंदवलेला बदल) शोधायचा, त्याच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली 12 अक्षरं आणि शीर्षक लिहायचं. हे आधी करायचं आणि मगच पॅच कुणाला पाठवायचा ते सांगणारं 'गेट_मेंटेनर' चालवायचं, कारण ती स्क्रिप्ट टॅग वाचून त्या जुन्या कमिटवर सही केलेल्यांनाही यादीत घेते. तो कोड ज्यांनी लिहिला, तेच तुमचा पॅच सगळ्यात लवकर वाचतात. तिचा मेल फक्त सामायिक पत्त्यावर गेला होता. तिथे रोज शेकडो मेल येतात आणि वाचणारे मोजके असतात.

'व्ही2', म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती, पाठवताना काय बदललं ते तीन डॅशांच्या खाली लिहिलं, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही. दोन दिवसांत मूळ लेखकाचा 'रिव्ह्यूड-बाय' (तपासून पसंत असल्याची सही) आला आणि पॅच घेतला गेला.

कोडचं एक अक्षरही बदललं नव्हतं, हेच मला अजून सलतं. टॅग आणि विषयाचे नियम कर्नलच्या दस्तऐवजात आहेत, ते शिकता येतात. ती गोपनीयतेची सूचना काढणं मात्र तिच्या हातात नव्हतं, आणि आयटी विभागाला त्यात काही चूक वाटत नव्हती. शेवटी आम्ही पॅच पाठवण्याचं 'बी4' हे साधन वापरलं: आपली सहीची डिजिटल किल्ली एकदा नोंदवली की पॅच कर्नल डॉट ऑर्गच्या वेब सेवेमार्फत जातो, कंपनीचा मेल सर्व्हर मध्ये येतच नाही.